मृग, मोबाईल आणि बांधावरची सूर्यमाला



७-८ जूनला मृग लागतो, हे आपल्या घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. त्याच पोराला शाळेत सूर्यमाला शिकवतात. पण आजोबांचा मृग आणि गुरुजींची सूर्यमाला एकाच आभाळातली, हे त्याला कोणी सांगत नाही. मग ते आजोबांना अडाणी समजू लागते. हे बरे नव्हे.

मोबाईलने पोरे बिघडतात, अशी तक्रार गावोगावी माझ्या कानावर येते. ती खोटी नाही. पण त्याच मोबाईलवर ‘स्टेलॅरियम वेब’ शोधावे. पैसे पडत नाहीत. अक्षरे इंग्रजी असली तरी आठवी-नववीच्या मुलामुलींचे अडत नाही. त्यात तारीख ८ जून आणि वेळ भर दुपारची लावा, मग ‘ॲटमॉस्फिअर’चे बटण बंद करा. हवेचा उजेड जातो आणि सूर्याभोवतीचे तारे दिवसाढवळ्या दिसू लागतात. सूर्याच्या थोडे दक्षिणेला पाहा, आपले तिकांडे! मृग लागला म्हणजे सूर्य मृगाच्या ताऱ्यांपाशी आला. आला असे आपल्याला दिसते; खरी फिरते ती पृथ्वी. आता तारीख जानेवारीची आणि वेळ रात्री आठची लावा. सहा-सात महिन्यांत पृथ्वी सूर्याच्या पलीकडे गेलेली असते, म्हणून तेच तिकांडे अंधारात पूर्वेकडे झळकते. हे अंगणात उभे राहून खऱ्या आभाळात दाखवायचे काम आजोबांचे. नक्षत्राचे वाहन बेडूक की कोल्हा, यावर मात्र पेरणी ठरवू नका. पेरणीला जमिनीतली ओलच पाहावी.

नासाचे ‘आईज ऑन द सोलर सिस्टिम’ हेही फुकट आहे. आज कोणता ग्रह कुठे आहे, ते त्यात फिरवून पाहता येते. पण वीतभर पडद्यावर अंतराचा अंदाज येत नाही. त्याला बांधच हवा. १४ सेंटीमीटर व्यासाचे खरबूज घ्या. हा झाला सूर्य. या मापाने पृथ्वी मोहरीच्या दाण्याएवढी, आणि ती १५ मीटरवर ठेवायची. चंद्र तिच्यापासून चार सेंटीमीटरांच्या आतच. गुरू लहानशा बोराएवढा, पण ७८ मीटरवर. शेवटचा नेपच्यून तुरीच्या दाण्याएवढा आणि साडेचारशे मीटर लांब. एवढा लांब आपला बांध बहुधा जात नाही. शेजाऱ्याला आधी विचारून घ्यावे.