शहरातल्या छोट्या एसयूव्हीला 'ऑल-टेरेन' टायर हवेत कशाला?

मे महिना संपत आला की टायरच्या दुकानांत गर्दी वाढते. चार-पाच वर्षं वापरलेली ब्रेझा नाहीतर नेक्सॉन घेऊन गिऱ्हाईक येतं. 'आधीचेच टायर द्या' असं म्हणायच्या ऐवजी ते मोबाइल पुढे करतं. फोटोत गाडी तीच असते. टायर मात्र जाडजूड, ठोकळ्या-ठोकळ्यांच्या नक्षीचे आणि कडेला पांढरी अक्षरं मिरवणारे. "हे बसतील का?" दुकानदार म्हणतो, "बसतील की साहेब. पावसाळ्यात तर एकदम बेस्ट. खड्ड्यांचं टेन्शनच संपलं." दहा मिनिटांत सौदा होतो.

दुकानदाराच्या या तीन वाक्यांतलं पहिलं बहुतेक वेळा खरं असतं, तिसरं अर्धवट खरं आणि मधलं बरंचसं चुकीचं. अडचण अशी की टायर घेतले जातात ते नेमके मधल्या वाक्याच्या भरवशावर. ज्यांची गाडी घर, ऑफिस, शाळा, मंडई आणि महिन्यातून एकदा एक्स्प्रेस-वे एवढीच फिरते, त्यांनी ऑल-टेरेन टायर घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यामागचं मुख्य कारण किंमत नाही, अॅव्हरेजही नाही. ओल्या रस्त्यावर गाडी किती अंतरात थांबते, हे ते कारण आहे.

एच/टी, ए/टी आणि एम/टी

एसयूव्हीच्या टायरचे ढोबळमानाने तीन प्रकार. एच/टी म्हणजे हायवे टेरेन, डांबरी आणि काँक्रीट रस्त्यांसाठी. एम/टी म्हणजे मड टेरेन, चिखल आणि खडकांसाठी. ए/टी म्हणजे ऑल-टेरेन, या दोघांमधली तडजोड. 'ऑल' या शब्दामुळे सगळीकडे चांगला चालणारा टायर असा समज होतो. प्रत्यक्षात तो सगळीकडे निभावून नेणारा टायर आहे. मुरमाच्या रस्त्यावर तो एच/टीपेक्षा सरस, तर डांबरावर कमी.

फरक दिसतो तो नक्षीत. ए/टीचे रबराचे ठोकळे मोठे आणि सुटे असतात, मधल्या खाचा रुंद आणि खोल असतात. खडी, माती या खाचांत शिरते, ठोकळे तिला पकडतात आणि चाक पुढे ढकललं जातं. दगडांनी चिरू नये म्हणून रबराचं मिश्रणही बहुधा जास्त टणक ठेवतात. गावाकडच्या कच्च्या रस्त्यावर हे सगळे गुणच आहेत. पण खाचा वाढल्या की रस्त्याला प्रत्यक्ष चिकटणारं रबर कमी होतं. उंच, सुटे ठोकळे जोरात ब्रेक दाबल्यावर वाकतात, आणि टणक रबर गुळगुळीत ओल्या पृष्ठभागावर कमी पकड घेतं. वर टायर जड, म्हणून पिकअपमध्ये थोडा आळस येतो आणि इंधन जास्त लागतं. ६०-७०च्या पुढे घरघर सुरू होते ती वेगळीच. नवेपणी ती कमी असते. ठोकळे करवतीसारखे झिजू लागले की वाढते.

पावसात काय होतं?

इथे थोडं थांबावं लागेल, कारण दुकानदाराचं म्हणणं अगदीच निराधार नाही. रस्त्यावर दोन-तीन बोटं पाणी साचलं असेल आणि गाडी वेगात असेल, तर टायर पाण्यावर तरंगू शकतो. अशा वेळी खोल, रुंद खाचा पाणी बाहेर फेकायला उपयोगी पडतात. नवा ए/टी टायर या कसोटीत चांगला उतरू शकतो.

पण शहरातल्या पावसाळ्याचे किती तास असे असतात? पाणी तुंबतं तिथे गाडी मुळात १५-२०च्या वेगाने रांगत असते. खरा धोका असतो तो नुसत्या ओल्या रस्त्यावर. जूनची पहिली सर पडते, महिनोन्‌महिने साचलेलं ऑइल आणि धूळ पाण्यात मिसळते आणि रस्त्यावर साबणासारखा पातळ थर बसतो. घासून गुळगुळीत झालेलं काँक्रीट, उड्डाणपुलांचे लोखंडी सांधे, झेब्रा पट्ट्यांचा रंग, घाटातली शेवाळलेली कड, सगळीकडे तीच गोष्ट. तिथे बाहेर फेकण्याइतकं पाणीच नसतं. रबर रस्त्याला किती आणि कसं चिकटतं, यावर सारं अवलंबून असतं. त्या कसोटीत एच/टी पुढे असतो.

वहीवर मांडता येईल असं एक गणित पाहा. शाळेच्या भौतिकशास्त्रातलंच आहे. ताशी ६०चा वेग, ओला रस्ता, समोर अचानक रिक्षा थांबली. एका टायरची पकड ०.६ आणि दुसऱ्याची ०.५ धरू. हे आकडे कुठल्या ब्रँडचे नाहीत, फरक कळावा म्हणून घेतले आहेत. ब्रेक लागल्यापासून पहिली गाडी साधारण साडेतेवीस मीटरवर थांबते, दुसरी सव्वाअठ्ठावीस मीटरवर. फरक पावणेपाच मीटर. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या एसयूव्हींची लांबी करसवलतीसाठी चार मीटरच्या आत ठेवलेली असते, म्हणजे हा फरक एका अख्ख्या गाडीपेक्षा जास्त झाला. याहून बोलका आकडा पुढे आहे. पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली, त्याच जागी दुसरी अजून ताशी २४-२५च्या वेगाने पुढे जात असते. त्या जागी कुणी रस्ता ओलांडत असेल, तर हा फरक हाडं मोडण्याचा आहे.

'एबीएस आहे ना!' हे उत्तर नेहमीचं. एबीएस चाकं लॉक होऊ देत नाही, त्यामुळे स्टीअरिंग हातात राहतं. टायरकडे नसलेली पकड ते कुठून आणणार?

ए/टी टायरमध्येही प्रकार आहेत, हे मान्य. सीएटची क्रॉसड्राइव्ह, अपोलोची अॅप्टेरा, जेकेची रेंजर, योकोहामाची जिओलँडर अशा मालिकांत ए/टी टायर मिळतात. त्यांतल्या काहींची नक्षी सौम्य असते, मधली पट्टी जवळजवळ सलग असते. असे टायर डांबरावर तुलनेने बरे वागतात. आणि गोटा झालेल्या एच/टीपेक्षा नवा ए/टी केव्हाही बरा. पण तुलना करायची तर नव्याची नव्याशी करावी.

इथे ग्राहक म्हणून माझी तक्रार आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२२मध्ये टायरचा रोलिंग रेझिस्टन्स, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज यांच्या किमान मर्यादा नियमांत आणल्या. पाऊल चांगलं होतं. मात्र किमान मर्यादा पार केली एवढं कळून ग्राहकाला दोन टायरांत निवड करता येत नाही. युरोपात टायरवर लेबल असतं आणि ओल्या रस्त्यावरच्या पकडीला 'ए' ते 'ई' अशी श्रेणी दिलेली असते. आपल्याकडे टायरवर तारे दिसलेच तर ते मुख्यतः इंधनबचतीचे. वर्षातले चार महिने ओल्या रस्त्यावर गाडी चालवणाऱ्या राज्यात ब्रेकिंगची श्रेणी दुकानात दिसू नये, हे खटकतं. ती दिसती तर हा लेख लिहायची वेळच आली नसती.

खड्ड्यांचं काय?

लोक ए/टीकडे वळतात त्यामागे खरं दुखणं खड्ड्यांचंच आहे. खड्ड्यात चाक आपटतं, टायरची बाजू रिम आणि खड्ड्याची कड यांच्यामध्ये चेपली जाते, आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. काही ए/टी टायरच्या बाजू जास्त मजबूत असतात हे खरं. पण या दुखण्यावर नक्षीपेक्षा टायरच्या बाजूच्या उंचीचा उपाय जास्त चालतो.

ब्रेझा, नेक्सॉन, व्हेन्यू यांच्या अनेक व्हेरियंटवर २१५/६० आर १६ असं माप दिसतं. २१५ म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी. बाजूची उंची तिच्या ६० टक्के, म्हणजे १२९ मिमी. १६ म्हणजे रिमचा इंचांतला व्यास. आता १७ इंची अलॉयवरचं २१५/५५ हे माप घ्या. उंची ११८ मिमी. म्हणजे शोरूममध्ये देखणं दिसणारं मोठं चाक खड्डा झेलणारी उशी अकरा मिमीने कमी करतं. अनेक जण आधी हौसेने मोठी अलॉय चढवतात आणि मग फुगे येतात म्हणून ए/टी शोधत फिरतात. गाडी घेतानाच लहान रिमचा व्हेरियंट निवडला, तर खड्ड्यांचा निम्मा प्रश्न तिथेच हलका होतो.

दुसरा उपाय जवळपास फुकट आहे. हवा. कमी हवेत टायर चेपतो, महामार्गावर तापतो आणि फुटू शकतो. जास्त हवेत तो कडक होऊन खड्ड्याचा मार थेट अंगावर घेतो. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. तो पाहून, टायर थंड असताना, पंधरा दिवसांतून एकदा हवा तपासावी. समृद्धी महामार्गावर मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर एका दमात काढायचे असतील, तर निघायच्या दिवशी नक्कीच.

'बसतील का?'

बसतात, पण काय बसवतो आहोत ते पाहावं. ए/टी त्याच मापात मिळाला नाही की २१५/६५ आर १६ सुचवला जातो. "गाडी उंच होईल साहेब!" किती? चाकाचा व्यास ६६४ वरून ६८६ मिमी होतो आणि गाडी त्याच्या निम्म्याने, म्हणजे जेमतेम एक सेंटिमीटर उचलली जाते. बदल्यात स्पीडोमीटरला अचूक धरलं, तर तो १०० दाखवत असताना खरा वेग १०३ असतो. पूर्ण स्टीअरिंग वळवल्यावर किंवा पाच माणसं बसल्यावर टायर आतल्या अस्तराला घासू शकतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करायला मनाई करतं. अपघातानंतर विम्याच्या सर्व्हेअरने टायरच्या मापावर बोट ठेवलं, तर तेव्हा दुकानदार सोबत नसतो.

मापापुढचे '९५ एच' यांसारखे अंकही वाचावेत. ९५ म्हणजे एका टायरवर ६९० किलो भार चालतो, एच म्हणजे ताशी २१०ची मर्यादा. नवा टायर यापेक्षा खालचा नको. बऱ्याच ए/टीवर 'एम प्लस एस' असंही लिहिलेलं असतं, म्हणजे मड अँड स्नो. तो नक्षीवरून उत्पादकाने स्वतः केलेला दावा असतो. बर्फावर चाचणी झालेल्या टायरवर त्रिशिखरी डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह वेगळं असतं. आयुष्यात एकदा लडाखला जायचं म्हणून पाच वर्षं पुण्यात ए/टी फिरवणाऱ्यांना एवढंच सांगतो, उन्हाळ्यात तिथे साध्या हॅचबॅकही जातात.

मग ए/टी कुणी घ्यावा?

कोकणात जांभ्याच्या कच्च्या रस्त्याने रोज बागेत जाणाऱ्याने जरूर घ्यावा. टोकदार खडीवर एच/टी चिरतो, तिथे ए/टीचं टणक रबर टिकतं. क्रशर, साइट, धरणाची कामं, दुर्गम पाड्यांवरची आरोग्यसेवा अशा कामांसाठी फिरणाऱ्यांनाही तो योग्य. आठवड्याच्या प्रवासातला तिसरा हिस्सा तरी मुरूम-खडीवर होत असेल तर विचार करावा, हा माझा अंदाजपंचे मापदंड. त्यातही सौम्य नक्षीचा, मूळ मापाचा आणि चारही चाकांना एकच टायर. नुसते पुढचे दोन ए/टी लावून मागे जुने ठेवणं धोक्याचं. घाटाच्या वळणावर मागचा भाग केव्हा घसरेल ते कळत नाही.

मराठवाडा-विदर्भातल्या काळ्या मातीत मात्र ए/टीचाही भरवसा धरू नये. ओली काळी माती खाचांत लिंपली जाते आणि दोन मिनिटांत टायरचा गुळगुळीत लाडू होतो. शिवाय आपल्या बहुतेक छोट्या एसयूव्हींची फक्त पुढची दोन चाकं ओढतात. जिम्नी किंवा थार फोर बाय फोरची गोष्ट वेगळी. ए/टी चढवून ब्रेझाची जिम्नी होत नाही, आणि टायरकडे पाहून आलेला आत्मविश्वास शेताच्या बांधाशी ट्रॅक्टर बोलवायला लावतो.

बाकीच्यांनी ए/टीसाठी काढून ठेवलेले जास्तीचे पैसे टायर लवकर बदलण्यात घालवावेत. कायद्याने खाचांची खोली किमान १.६ मिमी लागते, पण ओल्या रस्त्यावरची पकड त्याआधीच बरीच घसरलेली असते. तीन मिमी उरले आणि जून तोंडावर आला, तर बदलून टाका. खोली मोजायचं छोटं गेज स्वस्तात मिळतं. दुकानात पैसे देण्याआधी टायरच्या बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा. २३२५ म्हणजे २०२५च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. चारही टायरवर तो पाहा आणि दोन वर्षांपूर्वीचा माल सवलतीच्या नावाखाली गळ्यात मारून घेऊ नका. मग डिकी उघडून स्टेपनीही तपासा. अनेक गाड्यांत ती बारीक मापाची आणि कमी वेगासाठीची असते, आणि तिच्यात हवा शेवटची कधी भरली होती हे बहुतेकांना आठवत नाही.