‘मिरजेची सतार’ हे नाव कोणाच्या खिशात?

गेल्या काही महिन्यांत मिरजेच्या दोन-तीन कारागीर बांधवांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला. मुंबईहून कोणाचा तरी फोन येतो. “मिरज आणि सितार हे दोन्ही शब्द असलेले डोमेन नाव आमच्याकडे आहे, चाळीस हजारांत देतो, नाही घेतले तर दुसरा उद्या घेईल.” घ्यावे की नाही?

आमचे उत्तर सरळ आहे. या भावात घेऊ नये. पण नुसते ‘नको’ म्हणून हा विषय संपत नाही, कारण नावाला किंमत असते हे काही खोटे नाही. ती किंमत कशी जोखायची, एवढाच प्रश्न आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. डोमेन नाव विकत मिळत नाही, ते भाड्याने मिळते. वर्षाचे किंवा काही वर्षांचे पैसे भरायचे, मुदत संपली की पुन्हा भरायचे, चुकलात तर नाव मोकळे होते आणि दुसरा उचलतो. कोणी न घेतलेले साधे नाव नोंदवायला वर्षाला काही शे ते हजार-दीड हजार रुपये पडतात. त्यापलीकडे दलाल जे मागतो ती पागडी समजावी. आपल्याकडे इंटरनेट सर्वसामान्यांना मिळाले 15 ऑगस्ट 1995 रोजी, आणि ‘डॉट इन’ची नावे सर्वांना खुली झाली 2005 साली. आपण झोपेत असताना ज्यांनी शब्द गोळा करून ठेवले, ते आज पागडी मागतात. 1999 साली अमेरिकेत ‘बिझनेस डॉट कॉम’ हे नाव 75 लाख डॉलरला विकले गेले. दलाल ही गोष्ट हमखास सांगतो. ज्या नावांना वर्षानुवर्षे कोणी विचारलेच नाही, त्यांची गोष्ट तो सांगत नाही.

सांगलीच्या गणपती पेठेत दुकानाला पागडी का पडते? रस्त्याने माणूस जातो म्हणून. इंटरनेटवर रस्ताच नाही. तिथे गिऱ्हाईक येते ते एक तर नाव ठाऊक असल्यामुळे, नाही तर शोधयंत्राने पाठवल्यामुळे. म्हणून पहिला सवाल हा, की तो शब्द गिऱ्हाइकाच्या तोंडी आधीपासून आहे का? ‘बेस्ट म्युझिक इंडिया’ असले नाव कितीही भारदस्त वाटो, ते कोणाच्याच तोंडी नाही. ‘मिरज’ मात्र आहे. दीडशे वर्षांहून अधिक काळ शिकलगार घराण्यांतल्या कारागिरांनी, हत्यारांना धार लावणारे हात तंतुवाद्यांकडे वळवून, तो शब्द गवयांच्या तोंडी बसवला. फरीदसाहेब सतारमेकरांचे नाव त्यात पहिले घ्यावे लागते. उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे, आणि त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी तिथे गाणे होते. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा इथे येतो, त्याचा तंबोरा होतो, जवारी लागते आणि तो देशभर जातो. ही सारी किंमत त्या एका शब्दात आहे. दलालाने त्यात एक खुंटीही बसवलेली नाही.

दुसरी परीक्षा फोनवरची. नाव फोनवर एकदाच सांगा आणि समोरच्याला लिहायला लावा. आपल्या धंद्यात इथेच घोटाळा आहे. आपण म्हणतो सतार, जग म्हणते सितार. काही घराण्यांच्या पाट्यांवर सतारमेकर आहे, काहींच्या सितारमेकर. इंग्रजी अक्षरांत एक ‘ए’ का ‘आय’ एवढाच फरक, पण गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात. आणि सतारच्या शेवटी एक ‘ए’ जादा पडला की सरळ सातारा होतो, मग सतारीऐवजी कंदी पेढे! जो आपले आडनाव वापरणार आहे त्याने दोन्ही स्पेलिंगे नोंदवावीत, खर्च फार नाही. 2014 पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ही मिळते. मन सुखावते खरे, पण परदेशातला वादक ते टाइप करणार कसे?

आता खरा मुद्दा. ‘मिरज सितार’ हे नाव एकट्या कोणी घ्यावे का? मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते कोणा एका दुकानाचे नाही. ज्याला ते वापरायचे त्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करायची असते. आमच्या मते डोमेनच्या बाबतीतही हाच न्याय हवा. गावाचे नाव कारागिरांच्या सामायिक संस्थेकडे असावे आणि त्या पानावर सर्व घराण्यांचे पत्ते असावेत. एकाने ते बळकावले तर शेजारचा दुकानदारही दलालासारखाच वागला असे आम्ही म्हणू. शब्द अडवून भाव वाढवणे साठेबाजीहून फार वेगळे नाही, आणि साठेबाजीबद्दल आपला दीन काय सांगतो हे वाचकांना सांगायला नको.

कायदा पूर्ण आंधळा नाही. 2004 साली सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नाव ही धंद्याची ओळखही असते असे मानले आणि नकली नावाविरुद्ध दाद मागता येते असे सांगितले. ‘डॉट इन’च्या तंट्यांसाठी लवादाची सोय आहे. पण लवादाला पैसे लागतात आणि वेळही. रोजच्या कमाईवर घर चालवणाऱ्या कारागिराला तो मार्ग शेवटचाच.

यापेक्षा मोठे नुकसान घरातच होते. साताऱ्याच्या आमच्या परिचयाच्या एका चप्पल व्यापाऱ्याने हौसेने आपले नाव घेतले. नोंदणी केली पान बनवणाऱ्या मुलाने, स्वतःच्या ईमेलवर. मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला, नूतनीकरणाची सूचना त्यालाच आली, मुदत टळली आणि नाव भलत्याकडे गेले. नाव छापलेले तीन हजार खोके गोदामात पडून राहिले. भावाभावांतही हेच. वडिलांच्या नावावर चाललेले दुकान, आणि डोमेन धाकट्याच्या मोबाइलवर. वाटणी झाली की गिऱ्हाईक सगळे त्याच्याकडे. दुकानाच्या भागीदारीपत्रात हे नाव एका ओळीत लिहावे, आणि विरासतीच्या वेळी गाळ्याबरोबर त्याचाही हिशेब धरावा. आमच्या पाहण्यात असे लिहिलेले एकही भागीदारीपत्र नाही.

काही तरुण म्हणतील, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप असताना हे हवेच कशाला? गिऱ्हाईक तिथून येते हे खरे. पण ती जागा दुसऱ्याच्या अंगणातली आहे, खाते बंद पडले तर दहा वर्षांची ओळख एका दिवसात जाते.

प्रश्न विचारणाऱ्यांपैकी एका बांधवाला आम्ही एवढेच सुचवले होते, की दलालाला विचारा, गेल्या वर्षात हे नाव किती जणांनी मागितले? त्याला उत्तर देता आले नाही. या बांधवाने आपले आडनाव आणि मिरज जोडून ‘डॉट इन’चे नाव घेतले, हजाराच्या आत, पावती दुकानाच्या नावे. गेल्या आठवड्यात दलालाचा पुन्हा फोन आला होता. चाळीस हजारांचे आता बारा झाले आहेत.