जिवाणी आणि उन्हाळ्याची सुटी

वैशाखातील ऊन कोल्हापुरातही चटके देते. पण येथील उन्हाळा अगदीच रुक्ष नसतो. दुपारी अंगाची लाही झाली तरी सायंकाळी सह्याद्रीच्या बाजूने वारा सुटतो. एखाद्या दिवशी वळवाची सर येते आणि गच्चीवरचे पापड, सांडगे, कुरडया गोळा करण्यासाठी सारे घर जिन्याकडे धावते. चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य असणाऱ्या घरांना या वाळवणाचा मोठा आधार असतो. म्हणून आषाढाची तरतूद वैशाखातच होते. राखणीला बसवलेली नातवंडे कावळ्यांना हाकलता हाकलता अर्धवट वाळलेल्या कुरडया स्वतःच फस्त करतात आणि आजी ते पाहूनही न पाहिल्यासारखे करते.

सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या कुटुंबांना तर हा ऋतू विशेष उदार वाटतो. मार्गशीर्षात सहाच्या सुमारासच मावळणारा सूर्य मे महिन्यात सातच्या आसपास मावळतो. कचेरीतून परतलेला मुलगा, दुकान सांभाळून आलेले वडील आणि सुटीला आलेली आत्या एका पंगतीला बसू शकतात. ताटात आमरस असतो, पेल्यात ताक असते आणि घाईने घास गिळण्याची गरज नसते. जेवणानंतर रंकाळ्याच्या काठावर फेरी होते. वर्षातील उरलेल्या महिन्यांत असे निवांतपण सहसा लाभत नाही.

याच पंधरवड्यात अक्षय्य तृतीया येते. भगवान ऋषभदेवांना दीर्घ उपवासानंतर हस्तिनापुरी श्रेयांस राजाने उसाचा रस दिला, ही कथा घराघरांत सांगितली जाते. त्यापूर्वी ठिकठिकाणचे लोक त्यांच्यासमोर हत्ती, घोडे आणि रत्ने घेऊन येत होते. आहार कसा द्यावा, हे कोणालाच ठाऊक नव्हते. जे हवे होते ते ओंजळीत मावेल एवढेच होते. उसाच्या मुलुखात राहणाऱ्यांना ही कथा अधिक जवळची वाटावी, यात नवल नाही. रसवंतीगृहातील घुंगरांचा आवाज ऐकला की कोल्हापूरकराचे पाऊल आपोआप थबकते, आणि येथील गुळाला तर २०१४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

मात्र आले-लिंबू पिळलेला तो रस दोन मिनिटांत संपत असला, तरी त्यामागचा ऊस शेतात बारा ते अठरा महिने उभा असतो आणि त्या सर्व काळात तो पाणी पीत असतो. पन्हे, ताक, माठातील गार घोट, आमरसाची वाटी, वाळवणाचा चीक, यांतील प्रत्येक गोष्टीच्या मुळाशी पाणीच आहे. उन्हाळ्याचा आनंद मोजायचा झाला तर शेवटी पाणीच मोजावे लागते.

जुन्या जैन घरांत पाण्याविषयी एक नियम कसोशीने पाळला जाई. पाणी दुहेरी कापडातून गाळायचे, हे सर्वांना माहीत आहे. परंतु नियमाचा उत्तरार्ध अधिक कठीण होता. गाळण्यावर राहिलेले सूक्ष्म जीव, म्हणजेच जिवाणी, गाळलेल्या पाण्याने अलगद धुऊन, ज्या विहिरीचे पाणी तिच्याच पाण्यात हलक्या हाताने परत सोडायची. एका विहिरीची जिवाणी दुसऱ्या विहिरीत टाकणेही दोषाचे मानले जाई. या नियमामागचा हेतू अहिंसेचा. पण त्यातून आणखी एक गोष्ट साधत असे. घरातील लहान मुलालाही आपले पाणी कोठून येते, हे ठाऊक असावे लागे. ठिकाण ठाऊक नसेल तर परत कोठे करणार?

आज नळाची तोटी सोडली की पाणी येते, आणि हा प्रश्न मागे पडतो. कोल्हापूर शहराला २०२३ च्या दिवाळीच्या सुमारास काळम्मावाडी धरणाचे पाणी थेट जलवाहिनीने मिळू लागले. पन्नासहून अधिक किलोमीटरची ही वाहिनी व्हावी म्हणून नागरिकांनी अनेक वर्षे आंदोलने केली होती. शुद्ध पाणी मिळाले, हे चांगलेच झाले. तथापि पंचगंगेच्या काठी वसलेल्या शहराला दूधगंगेपर्यंत का जावे लागले, हेही विसरता येत नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानली जाणारी सरस्वती यांच्या मिलनाने प्रयाग चिखलीजवळ सुरू होणारी ही नदी शहराला लागून वाहते आणि शहराचेच सांडपाणी घेऊन पुढे जाते.

पुढे इचलकरंजी आहे. तेथील कापड प्रक्रियेचे पाणीही नदीत मिसळत आले. घराघरांत यंत्रमागांचा आवाज असलेल्या त्या नगरीला पिण्यासाठी निर्मळ पाणी हवे होते, म्हणून वारणेतून योजना आखली गेली. वारणाकाठच्या दानोळी गावाने तिला तीव्र विरोध केला. त्यानंतर दूधगंगेवरील सुळकूडची योजना पुढे आली, तर त्या खोऱ्यातील गावे उभी राहिली. शहर म्हणते, माणसांना प्यायला पाणी हवे. गाव म्हणते, आधी स्वतःची नदी नासवली, आता आमची नेणार काय. आणि उद्या आमच्या शेताचे काय? दोन्ही बाजूंच्या बोलण्यात तथ्य आहे, म्हणूनच हा वाद वर्षानुवर्षे चालत राहिला.

वृत्तपत्रांत या वादाचे दोन पक्ष दिसतात. मे महिन्यात मात्र ते एकाच पंगतीत जेवतात. वारणाकाठची लेक इचलकरंजीत दिलेली असते. तिची नणंद दूधगंगेच्या खोऱ्यात नांदते. सुटी लागली की लेक मुलांना घेऊन माहेरी येते. तिच्या घरी नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि पिंपे भरून ठेवावी लागतात. माहेरी मामाच्या मळ्यात मोटर सुरू केली की भाचरे पाटात मनसोक्त डुंबतात. त्या पाटाच्या कडेला उभ्या असलेल्या मामाला आणि त्याच्या बहिणीला पाण्याचा प्रश्न दोन बाजूंनी दिसतो. पण पाटात खेळणारी मुले दोघांचीही असतात. मोर्चात हे नाते ध्यानात राहत नाही. सुटीत निदान चार दिवस ते डोळ्यांसमोर असते. अशा वेळी भावाने बहिणीला विचारावे, पिंप किती दिवस पुरते. बहिणीने भावाला विचारावे, ठिबक बसवल्यास किती पाणी वाचेल. योजनेचा निकाल सरकारदरबारी लागेल. पण एवढी विचारपूस होण्यास कोणाच्या मंजुरीची आवश्यकता नाही.

दिलेले पाणी परके होत नाही, याचे उदाहरण याच परिसरात आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर तहानेने व्याकूळ झाले असता ११ तारखेला मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी निघाली. दहा टाक्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन ती दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला पोहोचली. पुढे पन्नास टाक्यांच्या गाड्या धावल्या. कृष्णेचे पाणी तीनशेहून अधिक किलोमीटर दूर गेले. आणि तीन वर्षांनी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये, याच कृष्णा-पंचगंगेच्या पुराने शिरोळ तालुक्यातील गावांना वेढा घातला, तेव्हा राज्याच्या कानाकोपऱ्यांतून मदतीच्या गाड्या आल्या. नदी कधी कोणाला देणारा करील आणि कधी घेणारा, हे सांगता येत नाही.

म्हणून या सुटीतील सहलींची आखणी करताना कुटुंबांनी एक दिवस पाण्यासाठी राखून ठेवावा. सकाळी लवकर निघून राधानगरी गाठावी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर हे धरण योजले. ६ मे १९२२ रोजी महाराज निवर्तले तेव्हा ते अपुरेच होते. स्वातंत्र्यानंतर पूर्ण झाले. ज्याचे पाणी स्वतःला पाहायला मिळणार नाही असे काम आरंभणारा राजा कसा असेल, हे मुलांना तेथे उभे राहिल्यावर सहज समजते. मे महिन्यात जलाशयाचा काठ मागे हटलेला असतो आणि उताराच्या मातीवर उतरत गेलेल्या पाण्याच्या रेषा एकाखाली एक दिसतात. वर्षभराचा खर्च जणू खतावणीत मांडून ठेवावा, तशा त्या मोजता येतात.

दुसऱ्या एखाद्या दिवशी नदीच्या दुसऱ्या टोकाला जावे. वाटेत कुंभोजच्या बाहुबलीचे दर्शन होते. २८ फुटी मूर्तीसमोरचा दगड तापण्यापूर्वी, कोवळ्या उन्हातच तेथे पोहोचावे. पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. तेथून खिद्रापूरला जाऊन आदिनाथांच्या प्राचीन मंदिरात दर्शन घ्यावे आणि कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात थोडा वेळ बसावे. शिलाहारकालीन शिल्पकारांनी छत मध्यभागी वर्तुळाकार उघडे ठेवले आहे. बाहेर आगीचा वर्षाव होत असतानाही खांबांच्या सावलीत गारवा असतो. संगमावर मुलांना एवढेच विचारावे, की आपल्या घरच्या मोरीतून गेलेले पाणी येथवर कोणत्या वाटेने आले असेल. उत्तर देण्याची घाई करू नये. परतीच्या वाटेवर त्यांच्याकडूनच ते येते.

नळाच्या घरात जिवाणी पूर्वीच्या रीतीने परत करणे आता बहुतेकांना शक्य नाही. पण तिच्यातील अर्धा नियम अजूनही पाळता येतो. घेतले कोठून हे जाणावे, आणि परत करताना ते जितके निर्मळ ठेवता येईल तितके ठेवावे. साबणाचे, रंगाचे, तेलाचे पाणी गटारात सोडताना खालच्या गावी कोणाची तरी लेक, कोणाचा तरी मामा राहतो, याची आठवण राहावी. मृगाचा पाऊस पडेपर्यंत सुटीचे थोडे दिवस हाती आहेत. आंबे संपतील, पाहुणे आपापल्या घरी जातील. निघताना लेकीच्या पिशवीत लोणच्याच्या बरणीबरोबर पाणी गाळण्याचे एक नवे कापडही घालून द्यावे.