फास ओळखणाऱ्याला मानधन द्या

अमेरिकेत अनेक ठिकाणी फरसाठी सापळे लावू पाहणाऱ्या नवख्यांना जुनेजाणते सापळेवाले विनामोबदला शिकवतात. सापळा कुठे लावायचा, किती वेळाने तपासायचा, भलतेच जनावर अडकू नये म्हणून काय करायचे, हे सारे त्यात येते. आपल्याकडे असा वर्ग भरणे शक्यच नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार फास लावणे हीसुद्धा शिकारच. पण त्या पद्धतीतली एक गोष्ट घेण्याजोगी आहे. तिथे ज्याच्या हाताला काम ठाऊक, तोच गुरुजी असतो. आपल्याकडे निसर्गशिक्षण म्हटले की शहरातला स्वयंसेवक बोलतो आणि पूर्वापार शिकारीवर जगलेल्या पारधी वस्तीने मान डोलवायची असते. वास्तविक बांबूच्या काड्यांना तातीचे फासे बांधून केलेली ओळ गवतात कशी दडवतात, गायीच्या आडोशाने तित्तर हळूहळू तिकडे कसे रेटतात, हे फासेपारध्याइतके कोण जाणतो? लावलेला फास शोधून काढायलाही तीच नजर लागते.

भिगवणने याची अर्धी वाट दाखवली आहे. उजनी धरणाच्या फुगवट्यावर कुंभारगाव, डिकसळ भागात मासेमारी करणारे तरुण आज नाव वल्हवत पाहुण्यांना रोहित आणि पट्टकदंब दाखवतात. ते टिकले ते प्रबोधनामुळे कमी, फेरीचे पैसे रोख मिळतात म्हणून जास्त. इंदापूर-बारामतीच्या माळावर चिंकारा आणि लांडगा आहेत. तिथे पारध्यांना हीच संधी का नसावी?

कायदा मोडणाऱ्यांना बक्षीस कशाला, असे कोणी म्हणेल. पण ज्या जमातीला इंग्रजांच्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवले, तिच्यातल्या प्रत्येकाला शिकारी समजणे हे त्याच कायद्याची री ओढणे झाले; तो १९५२मध्ये रद्द झाला, संशय मात्र शाबूत आहे. शिवाय मानधन शिकारीसाठी नाही, कामासाठी आहे. या निमित्ताने फासाची विद्या फुटेल ही भीतीही पोकळ, कारण ज्यांना ती वापरायची आहे त्यांना ती आधीच येते. खरा अडसर हंगामाचा. पाहुण्यांची गर्दी हिवाळ्याची. पावसाळ्यात चूल कशावर पेटणार? म्हणून वाटाड्याचे काम पुरेसे नाही. गस्त, फास काढणे, वणव्यावर लक्ष आणि प्राणिगणना यांसाठी वन विभागाने बारमाही मानधन द्यावे. स्वयंसेवकांनी अर्ज, ओळखपत्र, बँकखाते यांची धावपळ करावी. फुकट राबणे त्यांना परवडते, कारण त्यांचा पगार दुसरीकडे सुरू असतो.