क्रोशाची वही आणि ‘जाव’



गेल्या चातुर्मासात दुपारच्या निवांत वेळी एक काम हाती घेतले. आमच्या सासूबाईंची क्रोशाची वही संगणकावर उतरवून काढण्याचे. ही वही म्हणजे मोंढ्यातील दुकानाची एक कोरी राहिलेली लांबट खातेवही. तिच्या जमेच्या बाजूला दाराची तोरणे, नावेच्या बाजूला ताटावर झाकायचे रुमाल, आणि शेवटी सामायिकाची उपकरणे ठेवण्याच्या पिशव्या. सारे नमुने सुती दोऱ्याचे. रेशीम या घरात कधी आलेच नाही.

वहीतील एक ओळ अशी : ‘सा. ३, खां. ११, मु. खां. जोड.’ सासूबाईंना यात काहीच अवघड वाटत नाही. अमेरिकेत असलेल्या आमच्या भाचीला मात्र पानांची छायाचित्रे पाठविली, तर तिने विचारले, ‘मामी, हा हिशेब कोणाचा?’

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. सासूबाईंची दृष्टी आता मंदावली आहे, आणि ‘मु. खां.’ म्हणजे मुका खांब हे सांगणारी दुसरी व्यक्ती घरात नाही.

पेढीवरील जुन्या लिखाणात काना-मात्रा गाळण्याची रीत होती. ‘काकाजी अजमेर गये’ हे पत्र घरी ‘काकाजी आज मर गये’ असे वाचले गेले आणि रडारड सुरू झाली, ही कथा आपल्यापैकी बहुतेकांनी आजोबांच्या तोंडून ऐकली असेल. लिहिणाऱ्याने वाचविलेला वेळ वाचणाऱ्याला व्याजासह भरावा लागला. म्हणून टंकनास बसताना मी एवढेच ठरविले की, संक्षेप माझ्या बोटांपुरता राहावा. कागदावर शब्द पूर्णच उमटावा.

‘वर्ड’मध्ये याची सोय आहे आणि ती सोपी आहे. ‘फाइल’मधून ‘ऑप्शन्स’, तेथून ‘प्रूफिंग’ आणि मग ‘ऑटोकरेक्ट ऑप्शन्स’ उघडावे. दोन रिकाम्या चौकटी दिसतात. पहिलीत आपला संक्षेप लिहावा, दुसरीत पूर्ण शब्द. यानंतर संक्षेप टंकून मोकळी जागा सोडली की पूर्ण शब्द आपोआप येतो. मी ‘साखळी’साठी ‘सा’, ‘खांब’साठी ‘खां’, ‘मुका खांब’साठी ‘मुख’ आणि ‘दुहेरी खांब’साठी ‘दुख’ असे संक्षेप योजिले. (खांब वाढले की दुःख वाढते, हे सासूबाईंचे त्यावरील भाष्य.)

येथेच मी चुकले. पिशवीच्या नमुन्याचे शीर्षक लिहिले, ‘मुख वस्त्रिका ठेवण्याची पिशवी’; संगणकाने उमटविले, ‘मुका खांब वस्त्रिका ठेवण्याची पिशवी’. अशा वेळी लगेच ‘कंट्रोल’ व ‘झेड’ या कळा एकत्र दाबल्या की आपण लिहिलेला शब्द परत मिळतो. परंतु खरा उपाय असा की, भाषेत ज्याला स्वतंत्र अर्थ आहे असा शब्द संक्षेप म्हणून घेऊच नये. आता मी ‘मुख’ऐवजी ‘मख’ लिहिते.

टंकन युनिकोडमध्येच करावे, हेही सांगून ठेवते. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये लिहिलेले दुसऱ्याच्या संगणकावर उघडले की केवळ चिन्हांची रांगोळी दिसते.

नमुन्यात संपूर्ण वाक्येही वारंवार येतात. ‘तीन साखळ्या घालाव्यात, हा पहिला खांब समजावा’ हे वाक्य एका रुमालात प्रत्येक फेरीच्या आरंभी येते. असे वाक्य एकदा लिहून निवडावे, ‘ऑल्ट’ व ‘एफ ३’ या कळा दाबून त्याला एक छोटे नाव द्यावे. पुढे ते नाव लिहून ‘एफ ३’ दाबले की वाक्य हजर होते.

या सोयीचा वापर करताना मला आपल्या आगमांतील ‘जाव’ या शब्दाचे स्मरण झाले. श्वेतांबर परंपरेनुसार वीरनिर्वाण संवत ९८० मध्ये, मतांतराने ९९३ मध्ये, वलभी येथे देवर्द्धिगणी क्षमाश्रमणांनी आगम ग्रंथारूढ केले. तेच ते पाठ पुनःपुन्हा लिहावे लागू नयेत म्हणून ‘जाव’, म्हणजे ‘यावत्’, एवढे लिहून मधला पाठ सूचित केला जातो. चंपा नगरीचे सविस्तर वर्णन औपपातिक सूत्रात आहे. अन्यत्र ‘वण्णओ’ म्हटले की वाचकाने ते तेथून घ्यावयाचे. हा संक्षेप शतकानुशतके टिकला, कारण पूर्ण पाठ एका ठिकाणी निश्चित होता. आमच्या वहीला असे ठिकाणच नव्हते. ते फक्त सासूबाईंच्या स्मरणात होते. म्हणून टंकलिखित प्रतीच्या पहिल्याच पानावर प्रत्येक टाक्याचे पूर्ण नाव आणि तो कसा घालावा, हे त्यांच्याकडून विचारून लिहिले. सर्वाधिक वेळ या एका पानाला लागला.

एवढे करूनही चूक झालीच. गोल रुमालाच्या पहिल्या फेरीत १२ खांब. दुसऱ्या फेरीत प्रत्येक खांबात दोन, म्हणजे २४. तिसरीत एक सोडून एक खांबात दोन, म्हणजे ३६. चौथीत दर तिसऱ्या खांबात दोन, म्हणजे ४८. मी दुसऱ्या फेरीची ओळ उचलून तिसरीच्या जागी ठेवली आणि ‘प्रत्येक’ हा शब्द बदलायचा राहिला. भाचीने निष्ठेने तसेच विणले. रुमाल सपाट बसेना, कडेला झालर पडली आणि तिला एका संध्याकाळचे काम उसवावे लागले. आता प्रत्येक ओळीच्या शेवटी खांबांची एकूण संख्या लिहिते. रोजमेळ जुळविल्याशिवाय दिवाबत्ती न करणाऱ्या घरात हे मला आधी सुचायला हवे होते.

भाचीसाठी इंग्रजी प्रतही केली, आणि तेथे निराळाच पेच निघाला. ब्रिटिश पुस्तकांत ज्याला ‘डबल क्रोशे’ म्हणतात, त्याला अमेरिकेत ‘सिंगल क्रोशे’ म्हणतात. ब्रिटिश ‘ट्रेबल’ तो अमेरिकी ‘डबल’. ब्रिटिश ‘डबल ट्रेबल’ तो अमेरिकी ‘ट्रेबल’. ‘कंट्रोल’ व ‘एच’ या कळांनी सर्व शब्द एका दमात बदलता येतात, पण क्रम सांभाळावा लागतो. ब्रिटिश प्रत अमेरिकी करताना प्रथम ‘डबल क्रोशे’चे ‘सिंगल’ करावे, मग ‘ट्रेबल’चे ‘डबल’. क्रम उलटला तर नुकतेच ‘डबल’ झालेले ‘ट्रेबल’ही ‘सिंगल’ होऊन बसतात आणि दोन टाक्यांतील भेद कायमचा पुसला जातो. त्याआधी ‘डबल ट्रेबल’च्या जागी एखादे तात्पुरते चिन्ह ठेवावे व शेवटी त्याचे ‘ट्रेबल’ करावे, नाहीतर त्यातील ‘ट्रेबल’ही मध्येच बदलतो. मराठी प्रतीत ‘खांब’ हा शब्द बदलू गेल्यास ‘मुका खांब’ही सापडतो, ‘खांबात’ही सापडते. तेथे ‘रिप्लेस ऑल’चा मोह सोडून एकेक जागा पाहावी.

पर्युषणापूर्वी तोरणांचा भाग पूर्ण झाला. मोठ्या अक्षरांत छापून प्रत सासूबाईंच्या हाती दिली. त्यांनी भिंग घेऊन पहिले पान वाचले, दुसरे वाचले आणि तिसऱ्यावर बोट ठेवून म्हणाल्या, ‘येथे पाच साखळ्या पाहिजेत.’ मी वही उघडून दाखविली. तेथे स्पष्ट चारच होत्या. ‘वहीत चुकलेच आहे,’ त्या म्हणाल्या, ‘मी विणताना पाचच घालते.’

प्रतीत पाच केल्या आहेत. आता रुमालांचा भाग त्यांना समोर बसवूनच टंकते आहे.