कार्ड आधी की पडदा आधी?

२०२४ च्या दिवाळीत इंदापूरहून आमच्या अक्कांचा मुलगा एस.टी.ने बारामतीला आला, तो वहीचा एक कागद खिशात घेऊनच. कागदावर दोनच ओळी होत्या. बारा जीबीचे ग्राफिक्स कार्ड आणि सत्तावीस इंची मॉनिटर. खाली बेरीज, ५२,००० रुपये.

दाजी साखर कारखान्यात हंगामी कामगार. त्यांचे म्हणणे एका वाक्याचे, "खेळायला एवढे पैसे?" अक्का काही बोलल्या नाहीत. पण त्यांनी बचत गटातून २५,००० उचलून ठेवले होते, हे आम्हाला मागाहून कळले. आता हे पैसे फेडायचे कोणी, हा खरा प्रश्न होता.

"मामा, तुम्ही बाबांना सांगा ना," पोरगा म्हणाला. तो नुसता खेळत नाही, हेही खरे. लग्नाच्या, जयंतीच्या मिरवणुकीच्या चित्रफिती जुळवून देतो, चार पैसे मिळवतो.

आम्ही बी.कॉम., आयुष्य कारकुनीत गेलेले. त्याला समोर बसवून एकेक कलम विचारत गेलो. कार्ड चित्रे काढते, मॉनिटर ती दाखवतो. त्याचा जुना मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रे दाखवणारा. कार्डाने १४० काढली तरी डोळ्यांपुढे यायची ६०च. पोहरा मोठा आणि कळशीचे तोंड अरुंद, असा प्रकार. आणि त्याच्याकडचे जीटीएक्स १६५०, हे २०१९ सालचे चार जीबीचे कार्ड, व्हॅलोरंटसारख्या हलक्या खेळात आताच शंभरावर चित्रे काढत होते. मग अडले होते कुठे? पडद्यापाशी!

सत्तावीस इंचाचा हट्टही तपासला. १९२० बाय १०८० ठिपक्यांचे चित्र एवढ्या पडद्यावर ताणले की जवळून फिसकटलेले दिसते. म्हणून २५६० बाय १४४० चा घ्यावा, तर ठिपके पावणेदोन पटींहून थोडे जास्त, आणि ते सगळे रंगवायचे कार्डानेच. म्हणजे मोठ्या पडद्यापायी आणखी मोठे कार्ड. कर्जाचे असेच असते, एकाच्या पाठोपाठ दुसरे. चोवीस इंची, १०८० चा, १४४ हर्ट्झचा मॉनिटर ठरला.

कार्डासाठी पोराने मोबाईलवर एक जुना माल शोधला होता, निम्म्या किमतीचा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली, आणि ते चलन काढण्यासाठी रात्रंदिवस राबवलेली कार्डे ढिगाने जुन्या बाजारात आली. ती सगळीच वाईट नसतात; पण पंखे झिजलेले, वॉरंटी संपलेली असे बरेच निघते. आम्ही विकणाऱ्याला पावती आणि अनुक्रमांक मागितला. त्यानंतर त्याने फोन उचलला नाही.

नवे घ्यावे तर आणखी एक कलम कागदावर नव्हतेच. १६५० ला ७५ वॅट पुरतात, तेवढी वीज मदरबोर्डाच्या खाचेतूनच मिळते. बारा जीबीच्या आरटीएक्स ३०६० ला १७० वॅट लागतात. २०२३ चे ४०६० हे आठ जीबीचे, पण ११५ वॅटवर भागवते. पोराच्या डब्यातला पॉवर सप्लाय बिननावाचा, वर ४५० वॅटचे नुसते लेबल. त्यावर नवे कार्ड चढवले असते तर खेळ ऐन रंगात आला की संगणक बंद! त्यातून इंदापूर तालुक्यात शेतीचे पंप सुरू झाले की व्होल्टेजचा खेळ निराळाच.

शेवटी मॉनिटर ९,८०० आणि चांगला पॉवर सप्लाय ४,२००, असे १४,००० बारामतीतच खर्चले. पुण्यात थोडे स्वस्त पडले असते, पण वॉरंटीसाठी शंभर किलोमीटर कोण हेलपाटे घालणार? ९,८०० मध्ये १,४९५ रुपये जीएसटी. बत्तीस इंचापर्यंतच्या मॉनिटरवरचा कर जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्के झाला, एवढेच सुख. उरलेले ११,००० अक्कांनी त्याच आठवड्यात गटात परत भरले.

आता आमची फजिती सांगतो. दोन महिन्यांनी इंदापूरला गेलो. दाजी म्हणाले, "नवा आणला, पण फरक काय ते दिसंना." पोरगाही गप्प. आम्ही सेटिंग उघडायला लावले, तर तिथे आकडा ६०! मॉनिटर १४४ चा असला तरी विंडोजमध्ये तो आकडा आपल्याला निवडावा लागतो, आणि हे दुकानात विचारायचे आम्हालाच सुचले नव्हते. शिवाय एचडीएमआयची केबलही जुन्या मॉनिटरचीच लावलेली, तिच्यावर १४४ मिळेना. खोक्यातली डिस्प्लेपोर्टची केबल पिशवीतून उघडलीसुद्धा नव्हती. ती काढून संगणकामागे लावली, तीही मदरबोर्डाच्या नव्हे, कार्डाच्या तोंडाला. १४४ निवडले.

दाजींनी माऊस हातात घेतला, इकडून तिकडे फिरवला. "बाण आता अडकत नाही," म्हणाले. मग पुन्हा फिरवला.

कार्ड अजून कागदावरच आहे. लग्नसराईच्या चित्रफितींचे पैसे पोरगा त्यासाठी बाजूला टाकतो, आणि हिशेबाची वही अक्कांकडे असते.