अणुवीज कोणाची, धोका कोणाचा?

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ‘शांती’ नावाचा कायदा मंजूर केला. नाव शांतीचे, विषय अणुऊर्जेचा! १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि अणुअपघातातील नुकसानभरपाईचा २०१० चा कायदा, या दोहोंची जागा घेणारा हा कायदा आहे. आजवर सरकारच्या हातात असलेली अणुवीज त्याने खासगी कंपन्यांना खुली केली. विधेयक संसदीय समितीकडे पाठवा, अशी विरोधकांची मागणी होती. ती मानली गेली नाही. चार दिवसांत सर्व उरकले. आमच्या वस्त्यांत यावर कोणी बोलले नाही. बोलायला हवे होते.

आधीच सांगून टाकतो, आम्ही विजेचे विरोधक नाही. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा वीज हा विषय त्यांच्याच खात्यात होता. दारिद्र्य हटवायचे तर उद्योग हवेत आणि उद्योगांना स्वस्त, मुबलक वीज हवी, ही त्यांची भूमिका होती. केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ १९४४ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत उभे राहिले. तेव्हा कंदिलाचे गोडवे गाणाऱ्यांत आम्हाला बसवू नये.

मग अणुवीज म्हणजे नेमके काय? पुष्कळांना वाटते, आत बॉम्बसारखे काही फुटत असते. तसे नाही. औष्णिक केंद्रात कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात आणि त्या वाफेवर टर्बाइन फिरते. अणुकेंद्रातही शेवटी पाणीच उकळायचे असते, फक्त चूल वेगळी. युरेनियमच्या अणूवर न्यूट्रॉन आदळला की अणू दुभंगतो, उष्णता बाहेर पडते आणि दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात. ते पुढचे अणू फोडतात. ही साखळी हाताबाहेर जाऊ नये म्हणून न्यूट्रॉन शोषणारे दांडे भट्टीत खाली-वर करतात. निसर्गातल्या युरेनियममध्ये असा सहज दुभंगणारा भाग हजारात सातच असतो. बॉम्बला तो फार मोठ्या प्रमाणात लागतो, म्हणून भट्टीचा बॉम्ब होत नाही.

धोका निराळा आहे. साखळी थांबवली तरी इंधन तापतच राहते, त्यावर सतत पाणी फिरवावे लागते. ११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये भूकंप होताच फुकुशिमाच्या चालू भट्ट्या आपोआप बंद पडल्या होत्या. पण त्सुनामीच्या पाण्याने पंप चालवणारी वीज गेली, पाणी थांबले आणि इंधन वितळले. सुमारे दीड लाख लोकांना घरे सोडावी लागली.

फायदेही नाकारण्यात अर्थ नाही. अणुवीज धूर सोडत नाही, रात्रंदिवस मिळते, पाऊस-वारा पाहत नाही. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राजवळ राहणाऱ्याला धुराची आणि राखेची किंमत आम्ही सांगायला नको. तेवढ्याच विजेसाठी कोळशाच्या धुराने जितकी माणसे मरतात, तितकी अणुकेंद्रांनी अपघात धरूनही मारलेली नाहीत. हे मान्य करायला आम्हाला कमीपणा वाटत नाही. पण केंद्र उभारायला लागणारा पैसा प्रचंड, वर्षे पुष्कळ, आणि जळून उरलेल्या इंधनातल्या प्लुटोनियमचा जोर निम्मा व्हायलाच चोवीस हजार वर्षे! इतके करून देशाच्या एकूण विजेत अणुविजेचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास.

आता हा व्यवहार कोणाच्या अंगावर बसतो ते पाहा. युरेनियम निघते झारखंडच्या जादूगुड्यात, आदिवासींच्या गावांशेजारी. खाणीचा किरणोत्सारी गाळही तिथल्याच तळ्यांत साठतो. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ पासून वीज देऊ लागल्या. पुढे तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठवली. पुनर्वसनासाठी त्या लोकांना उच्च न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. समुद्रावर जगणाऱ्याला समुद्रापासून दूर घर दिले तर त्याने जाळे कुठे टाकायचे? जैतापूरला तर भट्टी उभी राहण्याआधीच १८ एप्रिल २०११ रोजी पोलिसांच्या गोळीबारात एक मच्छीमार गेला.

आणि अपघात झालाच तर? २०१० च्या कायद्यात एक चांगले कलम होते. सदोष यंत्रसामग्रीमुळे अपघात झाला, तर केंद्र चालवणाऱ्याला पुरवठादार कंपनीकडून वसुली करता येत होती. हे कलम आकाशातून पडले नव्हते. १९८४ चे भोपाळ त्यामागे होते. हजारो माणसे मेली आणि १९८९ मध्ये युनियन कार्बाइड ४७ कोटी डॉलरवर मोकळी झाली, हे देश विसरला नव्हता. परदेशी पुरवठादारांना हे कलम पहिल्यापासून खुपत होते. नव्या कायद्यात ते गेले. करारात तसे लिहिले असेल किंवा कोणी मुद्दाम नुकसान केले असेल, तरच आता वसुली. मोठ्यातल्या मोठ्या भट्टीच्या चालकाची जबाबदारी तीन हजार कोटी रुपयांवर थांबते. फुकुशिमाच्या कंपनीने आजवर दिलेली भरपाई रुपयांत मोजली तर पाच लाख कोटींच्या पुढे जाते. वरचा पैसा कोण भरणार? सरकार, म्हणजे तुम्ही-आम्ही. नफा मात्र कंपनीचा. याला कोणी सुधारणा म्हणत असेल तर म्हणो, आम्ही म्हणणार नाही.

तारापूर ज्या पालघर लोकसभा मतदारसंघात येते, तो अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. तिथल्या आणि राखीव जागांवरून गेलेल्या प्रत्येक खासदाराला समाजबांधवांनी पत्र लिहून विचारावे : खासगी कंपन्यांशी होणाऱ्या प्रत्येक करारात वसुलीचे कलम घालायला तुम्ही सरकारला भाग पाडणार का? केंद्रात काम करणाऱ्या कंत्राटी मजुराच्या अंगावर किती किरणोत्सार पडला, याची नोंद त्याच्या स्वतःच्या हातात मिळणार का? आणि गाव रिकामे करायची वेळ आली तर कोणी, कोणत्या रस्त्याने, कोणत्या गाडीतून जायचे, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लिहिलेले आहे का?